आधी काडी धर

दादा, तुझी डबडी अजून घरातच आहेत. कपाटावर, बुटांच्या खोक्यात, वर तुझी माकडटोपी टाकलेली. तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. दहावं झालं, तेरावं झालं, मांडववाला सतरंज्या गुंडाळून घेऊन गेला, पाहुणे पांगले, आणि मी अजून टोकावड्याला तुझ्या पडवीत भिंतीला टेकून बसले आहे. उद्या सकाळच्या एसटीने सरळगाव, तिथे गाडी बदलून किन्हवलीवरून शहापूर. परवा उपकेंद्रात लसीकरण आहे, म्हणजे जायलाच हवं.

थकले रे मी. रडून नाही थकले, रडायला सवड कुठे मिळाली. तेच तेच सांगून थकले. कसं झालं, कधी झालं, आधी काही दुखत होतं का, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तू तर नर्स, तुला आधी कळलं नाय?" वैशाखऱ्याच्या मावशीने विचारलं, शेजारच्या जिजीने विचारलं, चहा द्यायला आलेल्या माणसानेही विचारलं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, तिसऱ्या दिवशी राग आला, नंतर नुसती मान हलवत राहिले. ते सगळं सांगून संपलं आहे. इथे ते लिहायचं नाही. जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते लिहायचं आहे.

तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्या हातून जळली. गाव म्हणतं तुझ्याच हातून, मंदावहिनी म्हणायची तुझ्याच हातून, आप्पा तर तसं म्हणतच गेले. खरं काय ते बावीस वर्षं फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. मी कितीदा म्हटलं, सांगून टाकू का. तू म्हणायचास, "मी हाय तवर नको." मग आता तू नाहीस. मुदत तूच घातली होतीस, मी नाही.

आधी डबड्यांचं सांगते, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही.

तू, मी आणि वैशाखऱ्याचा तुझा मित्र भगवान, आपण भात कापणी उरकली की डोंगरात जायचो. भात झोडून झालेला, घरात काम कमी, अंगात अजून ताकद. तेव्हा पाठीवर वातीचा रॉकेलचा स्टोव्ह असायचा. सिद्धगडाच्या वाटेवर तो कलंडला आणि रॉकेल तांदळात झिरपलं. तोच भात आपण खाल्ला, कारण दुसरं काही नव्हतं. दोन दिवस ढेकर रॉकेलचे. भगवान म्हणाला होता, "काशा, आता काडी ओढू नको माझ्यासमोर, मी पेटंन."

त्याच वर्षी नाणेघाटाच्या गुहेत तो शहरातला माणूस भेटला. पिकलेल्या केसांचा, एकटाच. त्याच्यापुढे तळहाताएवढा एक पत्र्याचा डबा, त्याच्या कडेने निळ्या ज्योती, वर कपभर चहा. ना पंप, ना वात, ना आवाज. मी आणि भगवान कड्यावर जाऊन खाली कोकण बघत बसलो. तू आला नाहीस. तू अर्धा तास त्या डब्यासमोर उकिडवा बसलास, त्या बिचाऱ्याने शेवटी तुला चहा देऊन टाकला. परत उतरताना तू एकच वाक्य बोललास, "ह्यात काय नाय रे, दोन डबे हायेत नुसते."

मग सुरू झालं. मुरबाडच्या कारखान्यात तू मशीनवर फिटर, हात सोन्याचे. दोन डब्यांची बुडं कापायची, एकात एक दाबून बसवायची, आत पत्र्याची गोल भिंत, वरच्या कडेला गोधडीच्या सुईने बारीक भोकं. सायकलचे जुने स्पोक वाकवून भांडं ठेवायची तिवई. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा. सगळं मिळून वजन एका कांद्याएवढंही नसेल. आत जाळायला स्पिरिट, रंगाच्या दुकानातून, लाकडाला पॉलिश करणारे नेतात ते. आणि माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं टोपण. दोन टोपणांत दोघांचा चहा, हे तू किती जणांना सांगितलं असशील देव जाणे.

पण डबे आणायचे कुठून? पावसाळ्यात माळशेजला येणारे लोक बियरचे डबे रस्त्यावर फेकून जातात. ढाब्यावरच्या पक्याने तुझ्यासाठी गोणीच बांधून ठेवली होती. ती गोणी तू खांद्यावर टाकून भरदुपारी गावातून आणलीस. तुझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. नेमके त्याच दिवशी धसईहून वहिनीचे आई-वडील भेटायला आलेले. पडवीत गोणी, गोणीत पन्नासेक बियरचे डबे, आणि तू सांगतोयस की चहा करायला आणलेत. वहिनीच्या वडिलांचं तोंड अजून आठवतं मला. आप्पा म्हणाले, "चहा करतोस तर कर, पण बसतोस कोणाबरोबर ते आधी सांग." जन्मात थेंब न चाखलेला माणूस तू. तुला खुलासा करता येईना आणि मला हसू आवरेना. वहिनी त्या रात्री जेवली नाही.

आपलं भांडण दुसरंच होतं, भाताचं. तू म्हणायचास त्यावर भात होतो. उकळी आली की पाच मिनिटं, मग पातेलं स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवायचं, वीस मिनिटांनी भात तयार. मी म्हणायचे तो भात शिजलेला नाही, मुरलेला आहे. आपला जाडा तांदूळ, त्याला चूल हवी, तो स्वेटरला दाद देतो होय? तू शीत चेपून दाखवायचास. मी तेच शीत दाताखाली धरून कट्ट आवाज करून दाखवायचे. भगवान म्हणायचा, तुमी दोघं भांडा, मी खातो. हे भांडण मिटलंच नाही. आजही म्हणते, तो मुरलेलाच होता. आता माझ्या तोंडावर शीत चेपून दाखवायला कोणी नाही, म्हणून जिंकल्यासारखंही वाटत नाही.

आता नियम. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. अंधारात निळी दिसते, सावलीत अंदाज येतो, पण भर दुपारी डबा पेटलाय की विझलाय ते डोळ्यांना कळतच नाही. म्हणून तू नियम घातला होतास. पुन्हा स्पिरिट ओतायचं असेल तर आधी वाळल्या गवताची काडी डब्यावर धरायची. शेंडा काळा पडला की ज्योत जिवंत आहे, थांबायचं. काडी तशीच राहिली तर पन्नास आकडे मोजायचे, डबा गार होऊ द्यायचा, मग भरायचं. गवत सगळीकडे असतं, त्याला वजन नाही, विसरायला जागाच नाही, असं तू म्हणायचास. नवीन कोणी बरोबर आलं तर तुझं पहिलं वाक्य तेच. "आधी काडी धर." मला तर तू ते इतक्यांदा ऐकवलंस की मी चिडायचे. "अगो रंजे, काडी." "हो रे बाबा, काडी."

त्या दुपारी मी काडी धरली नाही.

नाणेघाटाच्याच वाटेवर, वैशाखऱ्याच्या बाजूने चढून वर आलो होतो. मार्गशीर्षातलं ऊन, आकाश धुतल्यासारखं, वारा पडलेला. भगवान पाणी आणायला वरच्या टाक्यावर गेला होता. चहाच्या पाण्याला उकळी यायला आली आणि बसली. मी म्हटलं, संपलं वाटतं. तू पातेलं उचललंस, उजव्या हाताने, आणि म्हणालास बघ. मी बाटली उचलली. बघितलं नाही. मला भूक लागली होती, एवढंच कारण. मोठं काही नव्हतं. ओतलं, आणि ज्योत धारेवरून चढून बाटलीच्या तोंडाशी आली. मी घाबरून हात झटकला. बाटलीतलं सगळं तुझ्या हातावर, मनगटावर, बाहीवर. तुझा तो नायलॉनचा स्वेटर. पेटल्याचंही धड दिसलं नाही. स्वेटर आक्रसत गेला तेव्हा कळलं.

तू ओरडला नाहीस. हात मातीत खुपसलास. मी पाण्याची सगळी बाटली ओतली, ओढणी भिजवून गुंडाळली, आणि रडायला लागले. तू मला विचारलंस, "तुझ्या हाताला लागलं काय?" मी नाही म्हटलं. मग तू टाक्याकडे बघितलंस, भगवान अजून दिसत नव्हता, आणि म्हणालास, "आईक. मी भरत होतो. तू लांब बसलेलीस. येवढंच बोलायचं."

का ते मला लगेच कळलं. पुढच्या महिन्यात माझा नर्सिंगचा प्रवेश होता. आप्पांना ते मान्यच नव्हतं. पोरीची जात, परक्या माणसांची घाण काढायची, कोण करणार लग्न, हे दोन वर्षं चाललेलं. तू रोज रात्री जेवताना थोडं थोडं बोलून त्यांना वळवलं होतंस. "रंजीचे हात सावध हायेत आप्पा, तिला जमंल," हे तुझं वाक्य. आणि आता त्याच हातांनी तुझा हात जाळलेला. आप्पांनी मला दारातून बाहेर सोडलं नसतं. पुढच्या वैशाखात धसईच्या नाहीतर कुठल्या घरात मला उजवून टाकलं असतं.

अडीच तास आपण खाली उतरलो. तुला मळमळत होतं. वैशाखऱ्यातून एसटी, मग मुरबाडचा दवाखाना, मग कल्याणला. भगवान वाटभर म्हणत होता, "काशा, तू? तू असा कसा भरलास?" आणि तू म्हणत होतास, "चुकलं रे." मी मागच्या सीटवर होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी खिडकीतून बघत बसले.

आप्पा घरी म्हणाले, "आता तरी ती डबडी टाक." आणि मला म्हणाले, "नर्स होतेस ना, हो. घरात एक तरी शहाणा असू दे." म्हणजे उलट झालं बघ. तुझ्या चुकीने माझी बाजू मजबूत झाली. मला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाला शिकवलं की भाजलेली बोटं सरळ ठेवून बांधायची, दुखलं तरी रोज हलवायची, नाहीतर ती आत वळतात आणि तशीच राहतात. वर्गात बसून मी वहीत लिहून घेतलं. तोवर तुझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून घट्ट झालं होतं, कारण दुखतं म्हणून आपण ती तशीच ठेवली होती. सुट्टीत घरी आले तेव्हा मी तुझा हात हातात घेतला, बोट उघडून बघायला गेले. तू म्हणालास, "रंजे, राहू दे. परीक्षा नाय द्यायची मला."

कारखान्यात तुला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं. नट-बोल्ट मोजायचे आणि चिठ्ठीवर द्यायचे. तू कधी बोलला नाहीस, पण मशीनचा आवाज आला की तू मान वळवायचास असं भगवान सांगायचा. डबडी मात्र तू सोडली नाहीस, उलट वाढवलीस. डाव्या हाताने कापायला शिकलास, डाव्या हाताने भोकं. पहिली सगळी वाकडी. वहिनी बोलायची. ती रोज बोलायची. शर्टाचं बटण तिला लावायला लागलं की बोलायची, घास खाली पडला की बोलायची. "पोट भरायचा हात कोणी असा जाळून घेतो का? लोकांना शिकवायला पुढं आणि सोताला अक्कल नाय." मी तिथेच असायचे. दिवाळीला, गौरीला, सुट्टीला. मी तिथेच जेवत असायचे, दादा, आणि तू खाली मान घालून हसायचास आणि माझ्याकडे बघायचाही नाहीस.

तू देवमाणूस वगैरे नव्हतास. हेही लिहिते, नाहीतर तुलाच पटणार नाही. एकदा, माझी नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली असतील, तू पडवीत भोकं पाडत होतास आणि सुई घसरून डाव्या अंगठ्यात गेली. तू डबा भिंतीवर फेकलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "एक काडी. एक काडी धरली असतीस तर काय मेली असतीस?" वहिनी आत होती, तिने ऐकलं नाही. मी न जेवता पिशवी उचलली आणि शहापूरला आले. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी तू उपकेंद्राच्या पायरीवर बसलेलास, पिशवीत नवीन डबा. क्वार्टरमध्ये आलास, चहा ठेवलास, मला म्हणालास, बस. ज्योती कडेने वर आल्या. "फुलला गो," तू म्हणालास. तो चहा आपण प्यायलो आणि तू चारच्या गाडीने परत गेलास. माफी तू मागितली नाहीस, मीही नाही. मागायला हवी होती मी.

माझ्या रोजच्या कामात स्पिरिट आहे. सुई टोचायच्या आधी दंडाला कापूस लावते, तो वास नाकात जातो, आणि ती दुपार पुन्हा होते. बावीस वर्षांत किती दंड झाले असतील. पोरं रडतात, आया म्हणतात बाई हलक्या हाताच्या आहेत. सावध हात. हे ऐकलं की मला तुझं वाक्य आठवतं. हा माझा गणवेश, ही नोकरी, माझं स्वतःचं बरं-वाईट जे काही आहे ते तुझ्या दोन बोटांवर उभं आहे. हे तुला एकदा तोंडावर सांगायचं राहिलं. तू ऐकून घेतलं नसतंस, विषय भातावर नेला असतास.

आप्पा गेले तेव्हा मी म्हटलं, आता सांगू. तू म्हणालास, "आता कशाला उकरतेस? मंदा तुझ्याशी जन्मात बोलायची नाय. मला दोघी पायजेत सणाला." मग मी गप्प. खरं सांगू? तू नको म्हणालास की मला बरं वाटायचं. मी विचारायचे ते नाही ऐकायलाच.

दहाव्याला नदीवर मी मनाशी ठरवलं होतं. पिंड ठेवून सगळे मागे सरले. म्हटलं, कावळा शिवला नाही तर लोक विचारतील ह्याचं काय राहिलं, आणि मग मी पुढे होऊन सांगेन. सगळ्यांसमोर. वाक्यसुद्धा तयार होतं. आणि तुझा कावळा बघ, भटजी उठून उभे राहायच्या आत आला, शिवला, अर्धा घास घेऊन उडाला. सगळे म्हणाले, "काशाचं काय राहिलं नव्हतं, समाधानी माणूस." मला इतका राग आला तुझा. जाता जाताही मला तोंड उघडू दिलं नाहीस. मग भगवानने परत येताना तीच गोष्ट सांगितली, सगळ्या जगाला काडी धरायला शिकवणारा स्वतःच विसरला ती, आणि माणसं प्रेमाने हसली. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

काल दुपारी वहिनीने ते खोकं खाली काढलं. पडवीत ऊन आलेलं. ती तांदूळ निवडत होती, मी भिंतीशी. तिने खोक्याकडे न बघता म्हटलं, "भंगारवाला येल उद्या. देऊन टाक. ह्या डबड्यांनी हात खाल्ला त्याचा."

मी म्हटलं, "वहिनी, डबड्यांनी नाही. मी."

ती निवडतच होती. मी सांगितलं. भूक लागली होती इथपासून, तू म्हणालास मी भरत होतो इथपर्यंत. आवाज माझा नव्हता, रजिस्टर वाचतात तसा येत होता. सांगून झालं तरी तिचं बोट ताटात फिरत होतं. एक खडा काढून तिने बाजूला ठेवला.

"म्हंजे मी बावीस वर्षं कोणाला बोलले?" ती म्हणाली.

तिने आणखी एक खडा काढला.

"रोज बोलले त्याला. तो आजारी असतानासुदिक बोलले. गेला त्या सकाळीबी बोलले, बटण लावताना." तिचा आवाज चढला नाही. "तू जेवत बसलेली असायचीस गो. माझ्यासमोर."

"हो."

"त्याचं ऱ्हाऊ दे. त्यानं तुझ्यासाठी केलं, भाऊ होता. पण माझ्या तोंडून जे गेलं ते मी आता कुठं नेऊन टाकू? कोणापाशी माफी मागू? तुला सांगायचं होतं तर तो असताना सांगायचं." ती ताट घेऊन आत गेली.

मी तिथेच बसून राहिले. माफीची वाक्यं होती माझ्याकडे, सगळी पाठ. तिच्या त्या प्रश्नापुढे एकही उपयोगाचं नव्हतं. तू म्हणायचास ती माझ्याशी बोलणार नाही. मला वाटलं, बरोबर बोललास, आणि मी तेवढ्याच लायकीची आहे. उन्हाची तिरीप पायावर येईपर्यंत आतून भांड्याचा आवाजही आला नाही.

मग ती बाहेर आली. हातात छोटं पातेलं, त्यात दोन कप पाणी, पदराला डोळे पुसलेले. खोक्यातून तिने एक डबा काढला, वाकड्या भोकांचा, तुझ्या डाव्या हाताच्या सुरुवातीचा. माझ्यासमोर ठेवला. "पेटव," म्हणाली. "येवढी वर्षं केलं त्यानं, मी एकदापण प्याले नाय त्यावरचा चहा. बघू काय होता."

बाटली खोक्यातच होती. मी दोन टोपणं ओतली, काडेपेटीची काडी ओढली. पत्र्याचा आडोसा लावला. भोकं वाकडी, त्यामुळे ज्योत एका अंगाला जास्त, तरी पाणी सुस्कारायला लागलं. वहिनी समोर मांडी घालून बसली होती. साखर पडली, पावडर पडली, आणि उकळी यायच्या बेताला येऊन बसली. तशीच, जशी तेव्हा बसली होती. पडवीत लख्ख ऊन. डब्यात काही दिसत नव्हतं.

वहिनीने पातेलं उचललं. उजव्या हाताने. डब्याच्या अगदी वर धरलं.

मी बाटलीला हात घातला आणि माझा हात तिथेच राहिला. उचलेना. बावीस वर्षं रोज स्पिरिट हाताळणारी मी. तेवढ्यात वहिनीने डाव्या हाताने शेजारची केरसुणी ओढली, तिची एक काडी मोडली आणि डब्यावर धरली. तिला कोणी शिकवलं नव्हतं दादा. तू इतरांना सांगताना आतल्या खोलीत ऐकलं असेल, इतकी वर्षं, बोलता बोलता.

शेंडा काळा पडला. "थांब," ती म्हणाली.

थांबलो. तिने दुसरी काडी मोडली, पुन्हा धरली. काडी तशीच राहिली. मग ती हलक्या आवाजात आकडे मोजायला लागली, एकपासून. पन्नास होईपर्यंत आम्ही दोघी त्या डब्याकडे बघत होतो.

"भर आता," वहिनी म्हणाली.

पातेलं धरलेला हात तिने मागे घेतला नाही. मी तिला म्हटलं, हात बाजूला घे. ती म्हणाली, "भर."

मी भरलं, दादा. एक थेंब बाहेर सांडला नाही.